कर्णा, माइक आणि आपला आवाज

लोटे हे गाव आपणांपैकी पुष्कळांनी एस. टी.च्या खिडकीतून पाहिले असेल. चिपळूणहून खेडकडे निघाले की गाडी परशुरामाचा घाट चढते, आणि वरच्या सपाटीवर थोडे पुढे गेले की लोटे लागते. कारखान्यांची वसाहत, मालमोटारींची रांग आणि महामार्गाची अखंड घरघर, एवढेच प्रवाशाच्या लक्षात राहते. परंतु महामार्गापासून थोडे आत वाडीवर गेले की शिमग्यात नमन-खेळे आहेत, गौरी-गणपतीत जाखडी आहे, आणि माजघरात कुठेतरी अजून एखादे जाते आहे. अशाच एका घरात आम्ही दोघांनी, म्हणजे माझे एक शिक्षक मित्र आणि मी, एका पहाटे तीन स्वस्त माइक मांडले. तिथे जे घडले त्याचा अर्थ लावताना मला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागले. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

घर त्या शिक्षक मित्रांच्या नात्यातले. सत्तरी ओलांडलेल्या काकी जात्यावरच्या ओव्या म्हणतात. दळण आता गिरणीत जाते. जाते निघते ते लग्नातल्या हळदीला. तरी काकींना ओव्या येतात, आणि त्यांच्यानंतर त्या घरात कोणाला येत नाहीत. गुरुजींच्या मनात आले, आपण या नोंदून ठेवाव्यात. त्यांच्याकडे भजनी मंडळाचा हातात धरावयाचा एक जुना माइक होता, संगणकाला जोडावयाचा एक नवा स्वस्त माइक त्यांनी पोस्टाने मागविला होता, आणि तिसरा म्हणजे खिशातला मोबाइल. तिन्हींवर तीच ओवी नोंदली आणि काकींना ऐकविली. काकी तिन्ही वेळा म्हणाल्या, "गुरुजी, ह्यो काय माझा आवाज नाय."

आम्ही हसलो; पण ते हसणे पुढे टिकले नाही. कारण प्रश्न खरा होता. या तीन नोंदींपैकी काकींचा आवाज कोणता? आणि पन्नास वर्षांनी त्यांची पणती जी नोंद ऐकेल, ती कोणाची असेल, काकींची की माइकची?

वाचकहो, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा उभा राहिला तो 1902 साली. त्या वर्षी फ्रेड गायस्बर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबर महिन्यात त्याने हिंदुस्थानातील पहिली ग्रामोफोन ध्वनिमुद्रणे केली. गौहरजान ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध गायिका. तबकडी संपताना ती इंग्रजीत आपले नाव सांगते. त्यामागे कारण होते. मेणावर उमटलेली ती नोंद जर्मनीतील हॅनोव्हरला जाई आणि तिथे तबकड्या निघत. तिथल्या कारागिरांना नाव कळावे म्हणून ही घोषणा. पुढे 1908 साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि हा लांबचा फेरा संपला.

या पहिल्या काळात माइक नव्हता, हे ध्यानात घ्यावे. होता तो कर्णा. आपल्या गावच्या लाउडस्पीकरचा कर्णा आवाज बाहेर टाकतो. हा कर्णा उलटा, आवाज आत घेणारा. गायकाने त्याच्या तोंडाशी तोंड न्यावयाचे आणि मोठ्याने गावयाचे. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला एक पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरते मेण. वीज नाही, आवाज वाढविण्याची सोय नाही. गळ्यात जेवढे बळ तेवढ्यानेच मेण कोरले जाणार. तार सप्तकात गेला की गायकाने मागे सरावयाचे, खाली आला की पुढे. नाही सरला तर शेजारी उभा असलेला माणूस त्याला सरकवी. दहा इंची तबकडीवर वेळ मिळे तो सुमारे तीन मिनिटे.

आता या कर्ण्याला ऐकू काय येई? ध्वनी म्हणजे हवेतील कंपने, हे शाळेत आपण शिकविता. दर सेकंदाला वीसपासून वीस हजारपर्यंतची कंपने तरुण कानाला ऐकू येतात. कर्ण्याची मजल ढोबळमानाने दोनशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत. याचा परिणाम पाहा. तंबोऱ्याचा खर्ज खाली राहिला, तो गळला. 'स', 'श', 'फ' या वर्णांचा सोसाटा बराचसा या पट्ट्याच्या वर असतो, तोही गळला. मधला जो पट्टा उरला तो नाकात बोलल्यासारखा, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा. म्हणून त्या तबकड्या ऐकताना आपली मुले हसतात आणि म्हणतात, "सर, पूर्वीचे लोक असे किनरे गात?" नव्हते गात. किनरा होता तो कर्णा.

त्यात आणखी एक भर. त्या काळी तबकडी नेमकी किती वेगाने फिरावी याचा एकच ठाम नियम नव्हता. मिनिटाला बहात्तर फेऱ्यांनी घेतलेली नोंद आपण अठ्ठ्याहत्तरने वाजविली, तर सूर अर्ध्या सुराहून अधिक वर चढतो आणि लयही वाढते. धीरगंभीर गायक घाईत असल्यासारखा वाटतो. म्हणजे नोंद शंभर वर्षे टिकली, पण ती कशी वाजवावयाची हे लिहून ठेवले नाही म्हणून माणूस वेगळाच दिसू लागला. हा धडा पुढे आपल्या कामास येणार आहे.

मग माइक आला. तसे पाहिले तर माइकचे मूळ ग्रामोफोनहून जुने आहे. 1877-78 च्या सुमारास टेलिफोनसाठी एडिसन, बर्लिनर आणि ह्यूज यांनी सैल स्पर्शाच्या, पुढे कोळशाच्या, माइकची कल्पना निरनिराळ्या तऱ्हेने साकार केली. याच बर्लिनरने दहा वर्षांनी चपटी तबकडी काढली. परंतु माइकची वीज फार दुबळी. ती वाढविणारी निर्वात नळी येईपर्यंत तबकडीला तिचा उपयोग नव्हता. 1916 साली अमेरिकेत वेंट नावाच्या शास्त्रज्ञाने कंडेन्सर माइक बनविला आणि 1925 साली विजेच्या साहाय्याने केलेली ध्वनिमुद्रणे बाजारात आली. विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत आपल्याकडेही पोहोचली. कर्ण्याची मजल दोन-अडीच हजारांपर्यंत होती, ती एकदम पाच हजारांच्या आसपास गेली. खर्जही बराच खाली उतरला. तंबोरा ऐकू येऊ लागला.

हा फरक महाराष्ट्राच्या मातीतच ऐकावयाचा असेल तर मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची उदाहरणे घ्यावीत. त्यांच्या काही तबकड्या 1905 च्या सुमारास कर्ण्यावर झाल्या आणि पुढच्या, ओडियन कंपनीच्या, 1934 ते 1936 या काळात माइकवर झाल्या. 1937 साली खाँसाहेब गेले. पहिल्या तबकड्यांत एक ताकदवान, चपळ, पण कोरडा आवाज ऐकू येतो. पुढच्यांत सूर लांबतो, श्वास ऐकू येतो, आणि तो बारीक, हळवा, तंबोऱ्यात मिसळून जाणारा स्वर येतो, ज्यासाठी खाँसाहेब ओळखले जातात. चटकन कोणी म्हणेल, पाहा, माइकने केवढा फरक केला! परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावे. दोन नोंदींत तीस वर्षे गेली आहेत. यंत्र बदलले हे खरे, पण गायकाचे वय बदलले, गायकीही बदलली. यांतला किती फरक यंत्राचा आणि किती माणसाचा, हे या दोन तबकड्यांवरून सांगता येणार नाही. यंत्राची परीक्षा करावयाची तर माणूस तोच, दिवस तोच, जागा तीच पाहिजे. लोट्याच्या माजघरात आम्हांला नेमकी ती सोय होती.

यंत्राने आवाज नुसता टिपला नाही, घडविलाही. माइक येण्यापूर्वीच्या नाटकगृहात गायकाला शेवटच्या बाकापर्यंत आवाज फेकावा लागे. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ ही मंडळी त्या शिस्तीत वाढली. आपल्या नमन-खेळ्यांतला आणि जाखडीतला गळाही त्याच जातीचा. मृदंग आणि झांजा यांच्यावरून उघड्या अंगणात आवाज पोहोचवावयाचा. माइक आल्यावर हळू गाणाऱ्यालाही जागा झाली. तिसाच्या दशकात ज. ल. रानडे, गो. ना. जोशी यांची भावगीते तबकडीवर आली, पुढे गजाननराव वाटवे आले, आणि कानाशी बोलावे तसे गाणे मराठी घरांत शिरले. मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले होते. पुण्याचे 1953 साली झाले. 1955-56 मध्ये पुणे केंद्रावरून गदिमांचे आणि सुधीर फडक्यांचे 'गीतरामायण' आठवड्यामागून आठवडे झाले, तेव्हा त्यातला शब्दन् शब्द खेड्यातल्या रेडिओवर कळला. कर्ण्याच्या काळात हे शक्य नव्हते. 1977 साली रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र झाले आणि कोकणच्या गळ्यालाही माइक जवळ आला.

इथे पैशाचा प्रश्न येतो, आणि आपल्या विषयाचा गाभाही तोच आहे. माइक महाग होता तोवर कोणाचा आवाज राहावा हे कंपनी ठरवीत असे, आणि थोडेफार नशीब ठरवीत असे. भाऊराव कोल्हटकर 1901 साली गेले. यंत्र 1902 साली आले. ज्या आवाजाच्या आठवणींनी जुनी पिढी गहिवरत असे, त्याचा एक सूरही आपल्यापाशी नाही. अल्लादिया खाँसाहेब 1946 पर्यंत होते, तरी त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. त्यांची गायकी आपण ऐकतो ती केसरबाई केरकरांसारख्या शिष्यांच्या तबकड्यांतून. मोठमोठ्या गवयांची ही गत, तर जात्यावर बसलेल्या बाईला कोण विचारतो?

ही स्थिती पालटली ती दोन-तीन स्वस्त वस्तूंमुळे. तारेच्या वेटोळ्याचा डायनॅमिक माइक 1931 सालापासून प्रचारात आला. तो दणकट. पडला-झडला तरी चालतो, त्याला बाहेरची वीज लागत नाही. आपल्या भजनी मंडळांचे, सभांचे, शाळेच्या स्नेहसंमेलनांचे माइक बहुतेक याच जातीचे. नंतर 1962 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी इलेक्ट्रेट माइक काढला. कंडेन्सर माइकला लागणारा विद्युत्भार यातल्या पातळ पडद्यातच कायमचा मुरविलेला असतो. त्यामुळे तो लहान झाला आणि अतोनात स्वस्त झाला. 1963 साली फिलिप्सने कॅसेट काढली. या दोहोंचा संगम म्हणजे टू-इन-वन. खेड-चिपळूणकडील माणसे आखाती देशांत नोकरीस गेली आणि सुटीवर येताना हे यंत्र घेऊन आली, ते आपल्याला आठवत असेल. त्याच्या कोपऱ्यात एक बारीकसे छिद्र असे, तोच माइक. त्यावर पुष्कळांनी जाखडीच्या बाऱ्या भरून घेतल्या, मुंबईच्या चाकरमान्यांना निरोप धाडले.

त्या यंत्रात एक खोडही होती. आवाज आपोआप सारखा राखण्याची सोय त्यात होती. माणूस बोलायचा थांबला की यंत्र कान टवकारी आणि पंख्याची, रातकिड्यांची, रस्त्याची खरखर वर ओढी. बोलू लागला की पुन्हा दाबी. म्हणून जुन्या कॅसेटी ऐकताना प्रत्येक विरामात समुद्र उसळल्यासारखा वाटतो. यंत्र शहाणपणा करू लागले की काहीतरी बदलते, हे इथेही दिसले.

आता परत लोट्यास येऊ. काकींचा "माझा आवाज नाय" हा शेरा आधी तपासला. माणूस स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकतो, एक हवेतून कानात आणि दुसरी कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणारा खर्ज बाहेरच्या कोणाला ऐकू जात नाही. म्हणून आपली नोंद ऐकली की प्रत्येकाला ती पातळ आणि परकी वाटते. तेव्हा काकी या परीक्षेत साक्षीदार होऊ शकत नव्हत्या. साक्षीदार हवा होता तो त्यांचा आवाज चाळीस-पन्नास वर्षे समोरून ऐकलेला. ती माणसे घरातच होती, त्यांच्या जाऊबाई.

पहिल्या दिवशी आम्ही परीक्षा चुकीची केली होती. एक माइक हातभर लांब, दुसरा ओठांशी, तिसरा पाटावर. त्यामुळे निकाल माइकचा नव्हता, अंतराचा होता. दुसऱ्या पहाटे रीत बदलली. तिन्ही माइक काकींच्या तोंडापासून एक वीत अंतरावर, एकाच बाजूला, शेजारी शेजारी ठेवले. एकच ओवी, एकदाच म्हणावयाची, तिन्हींनी एकदम नोंदावयाची. नंतर ऐकताना तिन्हींचा मोठेपणा सारखा केला. हे फार महत्त्वाचे आहे. दोन नोंदींत जी किंचित मोठी असेल ती कानाला चांगली वाटते, आणि आपण समजतो की माइक चांगला. शेवटी कोणती नोंद कोणत्या माइकची हे गुरुजींनी लपविले आणि जाऊबाईंना विचारले, "यातली काकी कोणती?"

भजनी मंडळाच्या माइकवर जाऊबाई म्हणाल्या, आवाज तिचाच, पण पडद्याआडून बोलतेय. ते बरोबर होते. डायनॅमिक माइकचा पडदा तारेच्या वेटोळ्याचे ओझे घेऊन हलतो; अतिजलद कंपनांना तो तितक्या चपळाईने साथ देत नाही. शिवाय एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकला एक सवय असते. तोंड जितके जवळ, तितका खर्ज फुगतो. चार बोटांवर आणला तर काकींचा आवाज पुरुषी होई. विती-दीड वितीवर ठेवला की तो ताळ्यावर येई. म्हणजे या माइकला अंतर हीच एक फिरकी होती, आणि तिला पैसे पडत नव्हते.

नव्या संगणकी माइकवर त्या म्हणाल्या, लख्ख आहे, पण चावते. 'स' आणि 'च' सुईसारखे टोचत होते. याचीही एक हकीकत आहे. जर्मनीच्या न्यूमन कंपनीने 1960 साली यू सदुसष्ट नावाचा माइक काढला. त्याच्या आतला ध्वनिग्राहक पडदा वरच्या कंपनांना मुद्दाम उठाव देई, आणि आतली विद्युत्रचना तो उठाव मोजून खाली आणी. दोन्ही मिळून तोल साधे. पुढे या पडद्याच्या नकला स्वस्तात निघू लागल्या. परंतु पुष्कळ स्वस्त माइकांत पडदा घेतला गेला आणि तोल सावरणारी रचना वगळली गेली. म्हणून ते कर्कश लागतात. आमच्या माइकच्या पोटात काय होते ते मी उघडून पाहिले नाही, पण त्याची तऱ्हा हीच होती. उपाय दोन. पहिला बिनपैशाचा: माइक सरळ तोंडासमोर न धरता थोडा बाजूला वळवून, गालाच्या रेषेत ठेवावयाचा. सोसाटा आणि 'प', 'फ', 'भ' यांचा वारा सरळ जातो, माइकवर आदळत नाही. दुसरा उपाय संगणकावर: सहा ते दहा हजार कंपनांचा पट्टा तीन-चार डेसिबलने खाली आणणे. एवढे केल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "आता ती बसलीय हतं."

मोबाइलची नोंद सर्वांत स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की जाऊबाईंनी विचारले, "आणि जातं कुठं गेलं?" जाते खरोखरच गेले होते. मोबाइलमध्ये गोंगाट गाळण्याची एक आपोआप चालणारी युक्ती होती. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, माणसाचे बोलणे म्हणजे माल, असा तिचा हिशेब. जात्याची घरघर एकसारखी, म्हणून यंत्राने ती केर समजून झाडून टाकली. ओवी राहिली आणि जाते गेले. परंतु जात्याच्या फेऱ्यावरच तर ओवीची लय बसलेली असते. दगड जड झाला की शब्द लांबतो, पीठ सरले की चाल सुटते. जात्यावाचून ती ओवी म्हणजे ताल पुसलेले गाणे. मला कर्ण्यात गळलेला तंबोरा आठवला. तो कर्णा लाचार होता. त्याला ऐकूच येत नव्हते. मोबाइलला ऐकू येत होते, आणि त्याने ते टाकले.

माइक सुधारावयास बसणारा माणूसही हेच करू शकतो, हे मला त्याच दिवशी कळले. महामार्गावरच्या मालमोटारींची घरघर नोंदीत येत होती. पुस्तकी उपाय असा की ऐंशी-शंभर कंपनांखालचे सगळे कापून टाकावे. मी कापले, आणि मालमोटारीबरोबर जात्याचाही पोटातला आवाज गेला. तेव्हा कापणे सोडले. गुरुजींनी मार्ग काढला तो जुनाच: ओव्या पहाटे म्हणतात, तेव्हा पहाटेच नोंदाव्यात. रस्ता त्या वेळी बराच शांत असतो. महामार्गाच्या बाजूची खिडकी लावली, तिच्यावर गोधडी टांगली, पंखा बंद केला. फरशीवरून आणि पत्र्यावरून आवाज उलटत होता. खाली घोंगडी पसरली. माइक थोडा जवळ घेतला. अंतर निम्मे केले की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, भिंतींवरून येणारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. एका गोधडीने आणि अर्ध्या वितीने जे झाले ते महाग माइकने झाले नसते.

कोणी म्हणेल, आवाजात फेरफार करावयाचा तर मग खरेपणा कुठे राहिला? ही शंका योग्य आहे. पण विनाफेरफाराची नोंद कधी नव्हतीच. विजेवरच्या तबकड्या घेतानाही खर्ज मुद्दाम कमी कोरीत आणि वाजविताना तितकाच वाढवीत. नाहीतर सुईची वाट शेजारच्या वाटेत घुसली असती. किती कमी आणि किती जास्त याचा सर्वमान्य नियम अमेरिकेत 1954 साली ठरला. तात्पर्य, तोल सावरणे हे पाप नव्हे. काय सावरले ते लिहून न ठेवणे आणि मूळ नोंद पुसून टाकणे, हे मात्र नुकसानीचे. वेग न लिहिलेल्या तबकड्यांचे काय झाले ते आपण वर पाहिले.

हे काम आपल्याआधी महाराष्ट्रात झालेले आहे, हेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या अभ्यासकाने त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. 2017 पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या सर्वांना ऐकावयास मिळू लागल्या. ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव तिथे ओवीशेजारी दिलेले असते. कर्ण्याच्या काळात आपले नाव गौहरजानला स्वतः सांगावे लागले. आपण नोंद घेताना ते काम आपल्याकडे घ्यावे.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे एवढेच. महाग माइकची वाट पाहू नका. शाळेत जो असेल तो घ्या. मोबाइल असेल तर त्यातली गोंगाट गाळण्याची सोय बंद करता येते का पाहा. एक वीत अंतर धरा, तोंडाच्या किंचित बाजूला ठेवा, खोलीत गोधड्या टांगा. दोन माइक असतील तर एकाच वेळी दोन्हींवर घ्या, मोठेपणा सारखा करा, आणि त्या माणसाला समोरून ओळखणाऱ्याला विचारा. मूळ नोंद दाबून लहान न करता जशीच्या तशी ठेवा. सुधारलेली प्रत वेगळी ठेवा. आणि कागदावर लिहा: कोणी म्हटले, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणता माइक, किती अंतर, मागून काय बदलले. म्हणणाऱ्याची संमती आधी घ्या आणि पहिली प्रत त्याच्याच घरी द्या.

आमच्या तीन नोंदींपैकी आम्ही शेवटी संगणकी माइकची ठेवली, किंचित बाजूला वळवून घेतलेली. काकींनी ती पुन्हा ऐकली. आवाज आपला नाही हे त्यांचे मत कायम आहे. पण ऐकता ऐकता त्यांचा हात खुंट्यावर असल्यासारखा गोल फिरू लागला, आणि चौथ्या फेऱ्याला त्या गुरुजींना म्हणाल्या, "हतं एक ओवी ऱ्हायली. पुन्यांदा घ्या." आम्ही माइक पुन्हा मांडला. त्या दिवशी त्यांना आणखी अकरा ओव्या आठवल्या.